नाव झालं की धंदा बसतो : सोलापूरच्या एका पूल खेळाडूचं प्रकरण

मुलगा २३ वर्षांचा. बीकॉम दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. घर अशोक चौकाच्या पलीकडे. घरातच टॉवेलचे चार माग, ते वडील आणि थोरला भाऊ मिळून चालवतात. आई विड्या वळते. पूल म्हणजे क्यू नावाच्या काठीने बॉल मारून टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटांत, टाकायचा बिलियर्डसारखा खेळ. शहरातल्या पूल पार्लरांमध्ये ‘सगळ्यात भारी कोण’ असं विचारलं तर बोट याच्याकडेच जातं. दिवाळीनंतर जमिनीची दलाली करणाऱ्या एका गृहस्थांनी त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला. घरचं काम सोड, फक्त खेळ. पुण्या-मुंबईच्या स्पर्धांची फी, गाडीभाडं, राहणं-खाणं सगळं माझं. मधूनमधून मी सांगेन तिथे पैसे लावून खेळायचं. जिंकलास तर निम्मं तुझं, हरलास तर माझं गेलं.

वडील तो प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आले. त्यांचे जीएसटीचे रिटर्न मी भरतो, आणि संध्याकाळी मी स्वतः त्याच पार्लरमध्ये असतो हे त्यांना ठाऊक होतं. प्रश्न एका ओळीचा होता. “साहेब, पोरगं हुशार हाय, ते मला बी दिसतंय. पण ह्याच्यात पोट भरतंय का?” दोघांना विचारून हे लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वरवर बघितलं तर ‘खेळ की कामधंदा’ हा घरोघरचा तंटा. पण इथे गोष्ट जरा निराळी होती. शहराची स्पर्धा हा मुलगा जिंकून बसला होता, आणि जिंकल्यापासून त्याच्या हातात येणारे पैसे घटले होते. ते का घटले, हे कळल्याशिवाय प्रस्तावाला हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

टेबलचे पैसे कोण देतो

पार्लर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मग अंधारा जिना, वर तीन टेबलं: दोन पूलची, एक स्नूकरचं. फरशी शहाबादी, तीही एका अंगाला बसलेली. त्यामुळे पूलच्या एका टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या आहेत. मालक अधूनमधून स्पिरिट लेव्हल ठेवून बघतात आणि एखादी घडी वाढवतात. तरी हळू मारलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात खिडकीकडच्या कोपऱ्याला ओढला जातोच. रोजच्या मंडळींना ते पाठ आहे; त्या पॉकेटवर ती मुद्दाम हळू मारतात.

भाडं तासावर. आणि बहुतेक पार्लरांत चालतो तोच नियम इथेही: हरेल त्याने टेबलचे पैसे द्यायचे. म्हणजे चांगला खेळणारा फुकट खेळतो. हा मुलगा दहावीत असताना तिथे मार्कर म्हणून लागला. बॉल लावायचे, वेळ लिहायची, कापडाला ब्रश मारायचा, खाली जाऊन चहा सांगायचा. सोलापुरात मे महिन्यात बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नाही, तसं पार्लरही रिकामं असतं. त्या दुपारींनी त्याचा हात तयार केला. मोठ्या क्लबांतले मार्करसुद्धा पुष्कळदा सभासदांपेक्षा सरस खेळतात ते याच कारणाने. टेबलावर सगळ्यात जास्त वेळ त्यांना मिळतो आणि त्याचं बिल त्यांच्या नावावर फाटत नाही.

पुढे तो लावून खेळायला लागला. शंभर, दोनशे, कधी पाचशे. इथे गणित फिरतं, कारण समोरचा माणूस उद्या पुन्हा यायला हवा. गेममध्ये आधी आपल्या वाट्याचे सात बॉल टाकायचे, मग काळा टाकेल तो जिंकला. सातही सलग टाकून वर काळा टाकला तर शंभर रुपये मिळतात, पण गिऱ्हाईक जातं. म्हणून हा जे शिकला ते जिंकणं नव्हे, जेमतेम जिंकणं. मी कडेच्या बाकावरून पाहिलेलं आहे. टेबलावर त्याचे दोन बॉल आणि काळा, तिन्ही मोकळे. एक टाकला. दुसऱ्याला किंचित जाड घेतलं. बॉल पॉकेटच्या दोन्ही गालांवर आपटून तोंडाशी थांबला. याने “च्यायला” म्हणून क्यू टेकवली. समोरच्याला वाटलं, आली आपली पाळी. पण व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) त्याच्यासाठी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटवून ठेवलेली होती. तो चुकला, आणि याने तोंडाशी बसलेला बॉल आत ढकलून काळा टाकला. हरलेला “थोडक्यात गेलं बे” म्हणत पुढची गेम लावतो. त्या ‘थोडक्यात’वर या मुलाचा खर्च निघत होता.

मग त्याने शहरातली खुली स्पर्धा जिंकली. जिन्याच्या तोंडाशी हार घातलेल्या फोटोचा फ्लेक्स लागला, आणि लावून खेळणारे गायब झाले. एकाने तोंडावर सांगितलं, “तुझ्यासंगट खेळायचं म्हंजे पैसे घरपोच देणं हाय बे.” दोन बॉलची स्टार्ट (आगाऊ सूट) दे, मग तीनची दे, मग डाव्या हाताने खेळ, इथवर गाडी आली. तीन बॉल सोडून खेळताना तोही हरायला लागला.

माझ्या मते प्रकरणाची नाडी इथेच सापडते. पैसे लावून खेळतात तिथे नाव होणं तोट्याचं. स्पर्धेच्या खेळात तेच नाव भांडवल. इकडून तिकडे जायचं तर नावाला किंमत देणारं कुणीतरी पलीकडे उभं असावं लागतं. चॅम्पियनांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांचे शॉट सांगतो. पलीकडे कोण उभं होतं, ते विचारत नाही.

मनिलाचा मुलगा

वडिलांशी बोलताना मी फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस या पूल खेळाडूचं आयुष्य समोर ठेवलं. मुलाच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर तोच होता, त्यामुळे वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही.

रेयेस २६ ऑगस्ट १९५४ रोजी फिलिपिन्सच्या पम्पांगा प्रांतात जन्मला. पाच वर्षांचा असताना त्याला मनिलात नातेवाइकाकडे धाडलं. त्यांचं ‘लकी १३’ नावाचं पूल पार्लर होतं. हात पोहोचत नव्हता म्हणून पोरगं कोका-कोलाच्या क्रेटवर उभं राहून खेळायचं आणि रात्री टेबलावरच झोपायचं. लहान वयातच तो पैसे लावून खेळू लागला. पूलबरोबर थ्री-कुशनही खेळला. त्या टेबलाला पॉकेटच नसतात, आणि गुण मिळवायचा तर आपल्या बॉलने तीन कुशनना शिवून मगच दुसऱ्या बॉलला लागावं लागतं. पुढे ज्या शॉटांमुळे जग त्याला जादूगार म्हणायला लागलं, त्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे.

एवढं मुलाला तोंडपाठ होतं. झोपायला टेबल आणि उठल्यावर क्यू, हा भाग सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मला थांबायचं होतं १९८५ पाशी. त्या वर्षी रेयेस अमेरिकेत गेला. पूलवाल्या मंडळींत त्याचा बोलबाला त्याच्याआधीच समुद्र ओलांडून पोहोचला होता. खरं नाव कळलं असतं तर त्याच्याशी पैसे लावून खेळायला कुणी उभं राहिलं नसतं. म्हणून ह्यूस्टनच्या एका नाइन-बॉल (नऊ बॉल नंबराच्या क्रमाने मारायचे, नऊ नंबरचा टाकेल तो जिंकला) स्पर्धेत तो सेसर मोरालेस या नावाने उतरला आणि जिंकला. तोवर त्याने तिशी ओलांडली होती. त्या काळातला बहुधा सर्वांत चांगला पूल खेळाडू, आणि पोटासाठी त्याला स्वतःचंच नाव लपवावं लागत होतं.

मुलगा हसला. “म्हणजे फ्लेक्स नको होता.”

फ्लेक्स हवाच होता. तो पैसे लावून खेळणाऱ्यांच्या जिन्यात लागला, ही अडचण होती. रेयेसचा फ्लेक्स दुसरीकडे लागला. १९९४ मध्ये त्याने यूएस ओपन नाइन-बॉल जिंकली, ती जिंकणारा पहिला बिगर-अमेरिकन. १९९६ मध्ये हाँगकाँगला अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडशी त्याचा सामना ठरला: आधी १२० रॅक (डाव) घेईल तो जिंकला, आणि १ लाख डॉलर सगळेच्या सगळे जिंकणाऱ्याचे. तीन दिवस चालून निकाल लागला १२०-११७. १९९९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला नाइन-बॉलचं जागतिक विजेतेपद, २००४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरात एट-बॉलचं (सात बॉल आणि शेवटी काळा). २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलियर्ड हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला आशियाई. २००६ आणि २००९ मध्ये फ्रान्सिस्को बुस्तामांतेबरोबर जोडीचा विश्वचषक. एवढ्यावरही हात थांबला नाही. २०२२ मध्ये हनोईच्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत ६७ व्या वर्षी त्याने वन-कुशन कॅरममध्ये (तेही पॉकेट नसलेल्या टेबलावरचं बिलियर्ड) कांस्यपदक मिळवलं.

वडिलांना मी एकच शॉट दाखवला, १९९५ सालचा. अमेरिकेतल्या रीनो शहरातली स्पर्धा, समोर स्ट्रिकलँडच. त्याने व्हाइट अशी लपवली की पाच नंबरचा बॉल सरळ दिसतच नव्हता. रेयेस वाकला, टेबलाच्या दोन कुशन नजरेने जोडल्या आणि मारलं. व्हाइट या कुशनवरून त्या कुशनवर, तिथून पाच नंबरवर, आणि पाच नंबर आत. फक्त लागला असता तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. वडिलांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मागावर धोटा बघणाऱ्या माणसाची नजर असते, दुसऱ्यांदा बघून त्यांनी विचारलं, “हे त्याला कुणी शिकवलं?” थ्री-कुशनने, म्हटलं. सोलापुरात थ्री-कुशनचं टेबल नाही.

आता पलीकडे कोण उभं होतं ते. रेयेस आणि बुस्तामांते यांचं व्यवस्थापन पुयात स्पोर्ट्स बघायचं, आणि पुयात कुटुंबाचा जुना धंदाच बोलिंगचं आणि बिलियर्डचं साहित्य बनवण्याचा. यातला मेळ जमाखर्च बघणाऱ्याला लगेच दिसतो. रेयेसचं नाव वाढलं की पूल वाढतो, पूल वाढला की टेबलं खपतात. त्याच्या नावातून ज्याला रोकडा फायदा होईल असं माणूस त्याला भेटलं. भाबडेपणाने कुणी खर्च करत नव्हतं, म्हणून तो खर्च टिकला.

तरीही रेयेसच्या वहीत एक पान असं आहे की ते मी मुद्दाम वडिलांना वाचून दाखवलं. २००६ मध्ये रीनोलाच एका नव्या व्यावसायिक टूरची (स्पर्धांच्या मालिकेची) मोठी एट-बॉल स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस ५ लाख डॉलर. पूलमध्ये तोवर एवढं बक्षीस कुणी ऐकलं नव्हतं. अंतिम सामन्यात रॉडनी मॉरिसला हरवून रेयेस जिंकला. सामना संपला, फोटो झाले, आणि मग कळलं की टूरकडे पैसेच नाहीत. खेळाडूंना हप्त्याहप्त्याने देऊ म्हणाले. टूर लवकरच गुंडाळली गेली.

“आमच्या टॉवेलच्या बिलागत झालं की,” वडील म्हणाले. “माल गेला, बिल फाटलं, पार्टी म्हणती बघू.”

त्यानंतर त्यांना बक्षिसाच्या रकमा सांगाव्या लागल्या नाहीत. रक्कम किती हे न विचारता देणारा कोण, असं ते विचारायला लागले.

निम्मं म्हणजे किती

प्रस्तावाकडे वळतो. तो तोंडी होता. मी दलालांना तो कागदावर मांडायला सांगितला तेव्हा एक कलम नव्याने बाहेर आलं: आधी झालेला तोटा पुढच्या जिंकण्यातून वळता करून मगच निम्मं. ऐकायला रास्त वाटतं. आकडे घालून बघू. पहिल्या महिन्यात २० हजार हरला, दुसऱ्या महिन्यात ३० हजार जिंकला. मुलाला वाटतं १५ हजार आले. प्रत्यक्षात ३० मधून २० वळते, उरलेल्या १० चे निम्मे, म्हणजे ५ हजार. दोन महिन्यांचे. स्पर्धेची फी आणि गाडीभाडं ‘तोट्यात’ धरायचं की नाही, यावर दलालांचं उत्तर होतं, “ते बघू की नंतर.” माझ्या धंद्यात ‘नंतर बघू’ला एकच अर्थ असतो.

दुसरी गोष्ट कागदावर येण्यासारखी नव्हती. कुठे, कुणाशी, किती लावून खेळायचं ते पैसे लावणारा ठरवणार. मग आज हर, उद्या मोठी लावू, हेही तोच ठरवणार. मुलाला मी विचारलं, हरायला सांगितलं तर काय करशील? तो बोलला नाही. जेमतेम जिंकण्याची सवय असलेल्या हाताला हरायला फार कष्ट पडत नाहीत, हे त्यालाही कळत होतं.

कायद्याची बाजूही सांगितली. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि पूल हा कौशल्याचा खेळ यात वाद नाही. पण बाकावर बसून त्या खेळावर पैज लावणाऱ्यांनाही ती सूट लागू होईल, या भरवशावर कुणी राहू नये. पोलीस जिना चढून आले तर क्यू हातात असलेलाच आधी सापडतो.

प्रस्तावाच्या बाजूने एक मुद्दा होता आणि तो हलका नव्हता. स्पर्धांना जायला पैसे लागतात, आणि ते देतो म्हणणारा सगळ्या शहरात हा एकच माणूस होता.

सहा फुटांवरचा शॉट

हा मुलगा स्पर्धेच्या खेळाला पुरा पडेल का, याचं उत्तर पुण्यात अर्धंमुर्धं मिळालं होतं. प्रस्तावाच्या आधी तो तिथल्या एका खुल्या स्पर्धेला जाऊन आला होता. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेला, दुसऱ्या फेरीत हरला, संध्याकाळच्या हुतात्माने परत. घरी सांगितलं, टेबल वेगळं होतं. हे रडगाणं वाटतं, पण खरं होतं, आणि किती खरं ते मोजता येतं.

आमच्या पार्लरमधलं टेबल आठ फुटी, म्हणजे खेळायची जागा साधारण ८८ बाय ४४ इंच. स्पर्धेचं टेबल नऊ फुटी, जागा १०० बाय ५० इंच. बॉल दोन्हीकडे सव्वादोन इंचांचाच. फरक पॉकेटच्या तोंडात. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास असतं, म्हणजे दोन बॉल शेजारीशेजारी जेमतेम मावतील एवढं. आमच्याकडे रबर झिजून ते पाच इंचांवर गेलेलं. अर्धा इंच, त्यात काय मोठं? बॉलच्या मध्यापासून बघा. साडेचार इंची तोंडात बॉल दोन्ही बाजूंना जेमतेम १.१ इंच इकडेतिकडे होऊ शकतो, पाच इंचीत १.४ च्या जवळ. निशाण्यात एका अंशाची चूक झाली तर चार फुटांवर बॉल ०.८ इंच भरकटतो. दोन्ही टेबलांवर आत जातो. सहा फुटांवर तीच चूक १.२६ इंचांची होते. तोच हात, तीच चूक: सोलापुरात बॉल आत, पुण्यात बाहेर. आणि नऊ फुटी टेबलावर सहा फुटांचे शॉट जास्त येतात ते वेगळंच.

कापडही निराळं. आमचं लव असलेलं, त्यात धूळ. बॉल लवकर मंदावतो. स्पर्धेचं कापड गुळगुळीत, बॉल घरंगळत राहतो. तिथे याची व्हाइट प्रत्येक वेळी हातभर पुढे जात होती, आणि पूलमध्ये पुढचा बॉल टाकता येणार की नाही ते व्हाइट कुठे थांबते यावर ठरतं.

पण टेबलाच्या आड लपलेली खरी गोष्ट त्याने नंतर, पार्क चौपाटीवर भेळ खाताना सांगितली. समोरच्याने ब्रेक केला (पहिल्या फटक्याने बॉल फोडले) आणि नऊही बॉल टाकून टेबल रिकामं केलं. पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. हा खुर्चीवर बसून. “मी कधी सगळे टाकायला शिकलोच न्हाई, सर. आपल्याकडं सगळे टाकले की गिऱ्हाईक पळतंय.” सगळे टाकायला हात लागतो तशी सवयही लागते, आणि त्याची सवय आठ वर्षं उलट्या बाजूने घडत गेली होती. रेयेसही पैशाच्या गेममधूनच आला, हे खरं. पण त्याच्या भोवती मनिलात त्याच्याच तोडीचे खेळणारे होते. त्यांच्याशी जेमतेम जिंकायलाही सगळा हात ओतावा लागतो. आमच्या पार्लरमध्ये तसं कुणी नव्हतं.

आपल्याकडे नावाला किंमत कोण देतं

भारतात हा खेळ फार जुना, आणि महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. १९५८ मध्ये कोलकात्याला त्यांनी हौशी खेळाडूंचं जागतिक बिलियर्ड विजेतेपद मिळवलं; कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला तो पहिला भारतीय. १९६४ मध्ये पुन्हा. पाठोपाठ मुंबईचे मायकेल फरेरा. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा, वाढला बंगळुरूत. या यादीत एक धागा दिसतो. बिलियर्ड आणि स्नूकर आपल्याकडे जिमखान्यांनी सांभाळले आणि पुढे नोकऱ्यांनी. अडवाणी ओएनजीसीच्या नोकरीत आहे. तेल कंपन्यांचं क्रीडा मंडळ राष्ट्रीय स्पर्धांना आपला संघ उतरवतं. म्हणजे आपला ‘पुयात’ म्हणजे सरकारी कंपनी. तिला पदक हवं असतं, म्हणून ती पगार देते.

पूलच्या वाट्याला यातलं थोडंच येतं. राष्ट्रीय स्पर्धांत पूलचे प्रकार असतात, पण मान बिलियर्ड-स्नूकरचा. आशियाई क्रीडा स्पर्धेत क्यूचे खेळ १९९८ ला बँकॉकमध्ये आले आणि २०१० च्या ग्वांगझोऊपर्यंत टिकले. २०१४, २०१८ आणि त्यानंतर हांगझोऊला झालेल्या स्पर्धेत ते नव्हते. ऑलिंपिकमध्ये तर नाहीतच. पदकाचा दरवाजा लहान झाला की नोकरीचाही होतो. आणि आमच्याकडे जिमखाना नाही; जिन्यावरचं पार्लर आहे. वडिलांना मी हे गोड करून सांगितलं नाही.

ठरलं काय

प्रस्ताव नाकारायचा, हे मुलानेच सांगितलं. आम्ही दलालांना दुसरा प्रस्ताव देऊन पाहिला: पैशाच्या गेमा नकोत, स्पर्धांची फी तुम्ही द्या, त्याच्या टी-शर्टवर तुमच्या फर्मचं नाव घालू. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “टी-शर्टवर नाव घालून मला काय मिळणार हो? त्याचा खेळ बघतंय कोण?” त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. नावाला भाव नाही, तर नुसत्या नावासाठी त्यांनी पैसे का मोजावेत?

मग ज्याला त्या नावातून काही मिळू शकतं असा माणूस शोधला, आणि तो जिन्यातच होता. पार्लरचे मालक. सकाळी आठ ते अकरा त्यांची टेबलं झाकलेली असतात. ठरलं असं: ते तीन तास एक टेबल मुलाला फुकट. बदल्यात संध्याकाळी त्याने नवख्यांना शिकवायचं, फीचे ६० टक्के त्याचे, ४० मालकांचे. फ्लेक्स बदलला, ‘विजेता’च्या खाली ‘शिकवणी’ आलं. ज्या नावाने लावून खेळणारे पळवले त्याच नावाने शिकणारे आणले. सुट्टीत जुळे सोलापूरकडची शाळकरी मुलं आली, दोन मुली आईबरोबर यायला लागल्या. आई बाकावर बसून राहते, त्यामुळे बाकावरची भाषाही सुधारली.

दुपारची पाळी मागावर, हे वडिलांनी सोडलं नाही आणि मलाही ते योग्य वाटलं. पुढच्या दोन दिवाळ्यांपर्यंत खेळाची वही वेगळी ठेवायची: शिकवणीचे आले किती, फी आणि तिकिटाला गेले किती. वहीत ‘बक्षीस जाहीर’ असा रकाना ठेवायचा नाही. हातात आलं की लिहायचं. रीनोची गोष्ट त्यांच्या चांगलीच लक्षात राहिली होती.

सकाळच्या सरावात लावून खेळणं बंद. एकट्याने नऊ बॉल पसरायचे, व्हाइट हातात घेऊन हवी तिथे ठेवायची आणि क्रमाने सगळे टाकायचे. चुकला की तो रॅक रद्द, वहीत काट. सुरुवातीला पान काट्यांनी भरायचं. तोंडाशी बॉल अडकवायची खोड हाताने इतकी पकडली होती की कुणी समोर नसतानाही बॉल गालांवर आपटून थांबायचा. उन्हाळा येईपर्यंत ती बरीच सुटली.

मधल्या काळात तो पुन्हा पुण्याला गेला. दोन सामने जिंकला, तिसऱ्यात राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या एकाशी हरला. हातात आलेल्या बक्षिसात तिकीट आणि जेवण निघालं, स्पर्धेची फी निघाली नाही. शिकवणीतून ती निघाली. वडिलांनी वही बघितली, बेरीज स्वतः पुन्हा केली आणि काही न बोलता परत दिली. राज्याच्या निवड स्पर्धेत उतरायचं पुढच्या मोसमात ठरलंय. नऊ फुटी टेबल घेणं मालकांच्या ऐपतीबाहेर आहे, तो प्रश्न तसाच आहे.

एका टेबलाचं मात्र काम झालं. मुलाने हट्ट धरल्यावर मालकांनी कारागीर बोलावला, पॉकेटची रबरं बदलून कोपरे साडेचार इंचांवर आणले आणि कापडही नवं घातलं. सुरुवातीला जुन्या मंडळींनी बोंब मारली: बॉल जातच नाही, कसलं टेबल केलंय बे. मालक दोन आठवडे माझ्याकडे खर्च कसा वसूल होणार म्हणून रडत होते. मग त्यांनीच वेळेची वही काढून दाखवली. बॉल लवकर जात नाहीत म्हणून गेम लांबते, आणि भाडं तासावर आहे. श्रावण संपला की दुसऱ्या टेबलाचीही रबरं बदलणार आहेत.